पूलवाल्याचं उत्तर

चष्मा घालून माणूस खांबाला धडकला, तर चूक खांबाची नसते. म्हणूनच गावात नवा पूल बांधायला आलेला परदेशी इंजिनिअर कपाळावर टेंगूळ घेऊन चष्म्याच्या दुकानात परत आला, तेव्हा चूक आपलीच, हे तिनं ओळखलं. आठच दिवसांपूर्वी त्याचे डोळे तिनंच तपासले होते.

"आठ दिवस असाच घातलात? बोलला का नाहीत?"

तो गप्प. मग म्हणाला, "वाटलं... नवीन चष्मा असाच असतो."

तिनं त्याला पुन्हा खुर्चीत बसवलं. "ही काच बरी, की ही?"

पुन्हा गप्प. मागच्या वेळीही असंच झालं होतं. त्याला फरक कळत नाही असं समजून ती भराभर काचा बदलत गेली होती. या वेळी ती हाताची घडी घालून बसली. एक... दोन... तीन... चार...

"दुसरी," तो म्हणाला. "थोडीशी."

"एवढा वेळ?"

"आमच्या भाषेत समोरच्याचं बोलणं संपलं, की जरा थांबतात. लगेच बोललं तर... ऐकलंच नाही, असं वाटतं."

"आमच्याकडे एवढं थांबलं, तर माणूस रुसला समजतात," ती हसत म्हणाली. तिच्या घरात कुणी दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ दिलंच, तर त्याला ताप आहे का बघत.

नवा चष्मा बरोबर झाला. तरी त्याची दांडी दर आठवड्याला सैल व्हायला लागली. ती स्क्रू आवळायची, तो तिच्या बोटांकडे बघायचा. दुकान आत्याचं. "या दांडीला झालंय तरी काय?" आत्या आतून विचारायची आणि उत्तराची वाट बघायची नाही.

आजवर तिचं बोलणं इतकं शेवटपर्यंत कुणी ऐकलं नव्हतं. ते तिला फार आवडायचं. पण स्वतःची खोड काही जाईना. तो थांबला, की ती त्याचं वाक्य पूर्ण करून टाकायची आणि तो सभ्यपणे मान हलवायचा.

पूल बांधून झाला. देखभालीसाठी एक माणूस तिथेच ठेवणार होते. ती नोकरी त्यालाच देऊ केली होती. हो असेल तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं, नाहीतर शनिवारी तो आपल्या देशी परतणार होता. मंगळवारी तिनं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "घेणार का ती नोकरी?"

तो थांबला. तिला तेवढंही थांबवेना.

"नाहीच ना? बरोबर आहे. घरी आई वाट बघत असेल," तीच म्हणाली.

त्यानं मान हलवली आणि तो निघून गेला.

तीन दिवस तिला घास गोड लागला नाही. त्यानं उत्तर दिलंच कुठे होतं? आपणच विचारलं, आपणच सांगून मोकळ्या झालो. शुक्रवारी दुपारी तो आला.

"दांडी," तो म्हणाला.

तिनं चष्मा घेतला. दांडी घट्ट होती.

"तू इथेच राहावंस," ती एका दमात म्हणाली. "माझ्यासाठी."

आत काचा घासायचं मशीन नेमकं तेव्हाच बंद पडलं. एक... दोन... तीन... चार... 'जाऊ दे, गंमत केली,' अगदी ओठांवर आलं. तिनं दात घट्ट आवळले. सात... आठ... आता हा नाहीच म्हणणार. नऊ...

"मंगळवारी," तो सावकाश म्हणाला, "मी हो म्हणणार होतो. तू आधीच नाही म्हणालीस."

तिला रडू आलं आणि हसूही. "मग आज कळवायला उशीर तर नाही ना झा—"

"सकाळीच कळवलं. राहतोय मी."

त्यानं पहिल्यांदाच तिचं बोलणं मधेच तोडलं होतं. तिला काहीतरी बोलायचं होतं... पण शब्दच फुटेना.

तो थांबला. त्याला सवय होती.