कोपऱ्यातल्या खाटेचा चार्ज

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीची आहे, आणि अजून संपलेली नाही. हसायचं त्यांनी खुशाल हसावं. आधी मीही हसलेच होते.

भुतं रात्रीच दिसतात असं कोण म्हणालं? हे घडलं भर दुपारी, हॉस्पिटलच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. बाहेर लख्ख ऊन होतं.

ताई आणि मी, दोघी बदलीच्या नर्स. पर्मनंट नर्स रजेवर गेली की आम्हाला फोन. फोन आला तर काम, नाहीतर बसा घरी. ताई अंघोळीला जातानाही फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्यायची. एकदा 'नाही' म्हटलं की महिनोन्‌महिने कुणी विचारत नाही. त्यामुळे अंगात ताप असो नाहीतर घरात कुणी गेलेलं असो, आमचं उत्तर एकच... "येते."

पर्मनंट नोकरीसाठी मुलाखती देऊन देऊन चपला झिजल्या. दरवेळी नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

मग एक दिवस मोठ्या सिस्टरांचा, म्हणजे मेट्रनबाईंचा, ताईला फोन आला. "वरच्या वॉर्डात एक जागा रिकामी आहे. टिकलीस तर पर्मनंट करू."

टिकलीस तर... ताईनं ते ऐकलंच नाही.

दुपारच्या ड्युटीला ती वर गेली. लिफ्ट उघडली तर समोरच एक वयस्कर नर्स उभी. केस पिकलेले, पाय सुजलेले.

"आलीस? चल, चार्ज घे."

आमच्यात चार्ज दिल्याशिवाय ड्युटी संपत नाही. जाणारीनं येणारीला खाटेखाटेपाशी न्यायचं, पेशंटचं सगळं सांगायचं. येणारीनं "घेतला" म्हणायचं. मगच जाणारी मोकळी.

बाईंनी अगदी नीट सांगितलं. या आजींना डाव्या कानानं ऐकू येत नाही. हे काका गोळी गालात धरतात आणि मग उशीखाली थुंकतात. इतक्या मनापासून चार्ज देणारं ताईला कुणी भेटलंच नव्हतं.

शेवटी कोपऱ्यातली खाट.

"हिला एकटं सोडू नकोस. फार घाबरते."

ताईनं पाहिलं...

खाट रिकामी होती.

चादर ताणून घातलेली. उशीला मात्र डोक्याएवढा खळगा.

बाई थकल्या असतील, ताईला वाटलं. पहिल्याच दिवशी वाद घालून हातची जागा कोण घालवणार?

"घेतला," ताई म्हणाली.

बाईंनी तिचे दोन्ही हात धरले. त्यांचे हात गार होते... "सुटले गं बाई! सगळ्याजणी माझ्या बाजूनं जातात, कुणी बघतच नाही."

त्या वळून गेल्या. पावलांचा आवाज आला नाही.

लिफ्टचाही नाही...

तेवढ्यात सकाळपाळीची नर्स हात पुसत बाहेर आली. "आलीस का? चल, चार्ज देते."

"मिळाला की आत्ता. त्या वयस्कर बाईंनी दिला."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "कोपऱ्यातल्या खाटेचासुद्धा? आणि तू काय म्हणालीस?"

ताईनं सांगितलं.

ती चार्ज न देताच वळली. पर्स उचलून जिन्यानंच खाली गेली.

ताई पर्मनंट झाली. घरात सगळे खूश. पण ती जेवता जेवता मध्येच उठायला लागली. "ती एकटी आहे गं तिथे." मी चिडवायचे, "पर्मनंट झालीस म्हणून तिथेच राहायला जाणार का?"

एकदा तिला आणायला गेले. पाळी कधीच संपली होती. ती त्या रिकाम्या खाटेपाशी स्टुलावर बसली होती.

"घरी कशी येऊ? हिचा चार्ज कुणी घेतच नाही." मग हळूच माझ्याकडे पाहिलं... "तू घेशील?"

मी तिला हाताला धरून ओढतच आणलं. हात गार होता.

आई म्हणाली, "आग लागो त्या नोकरीला. सोड."

"आणि पुन्हा फोनची वाट बघत बसू?" ताई म्हणाली. आईनं तिचा डबा भरायला घेतला.

आज सकाळी ती माझ्यासमोर युनिफॉर्म घालून गेली. दुपारी माझा फोन वाजला. मोठ्या सिस्टर.

"वरच्या वॉर्डातली जागा रिकामी झालीय. उद्या येतेस?"

"रिकामी? ताई आहे ना तिथे!"

"ताई कुठली? आठवडा झाला, ती आलेलीच नाही."

मी कॉल कापला. ताईला फोन लावला. तिनं लगेच उचलला. मागे स्ट्रेचरची चाकं कुरकुरत होती.

"मी वॉर्डातच आहे गं," ती म्हणाली. "सगळ्याजणी माझ्या बाजूनं जातात... कुणी बघतच नाही."

आई आणि मी धावत गेलो. सगळा मजला शोधला. ताई कुठेच नाही. कोपऱ्यातली खाट तशीच, रिकामी. उशीला खळगा.

शेजारचं स्टूल मात्र कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं ऊबदार होतं...

मोठ्या सिस्टर दारात थांबल्या होत्या. "मग? येतेस ना?"

उद्या लिफ्ट उघडल्यावर समोर कोण उभं असेल, ते मला माहीत आहे. मी "घेतला" म्हटलं नाही, तर ताई सुटणार नाही. म्हटलं, तर मी सुटणार नाही.

मी "येते" म्हणाले.

युनिफॉर्म इस्त्री करून दाराला टांगलाय. आई मघापासून त्याच्याकडे बघतेय. 'जाऊ नको' असं ती अजून म्हणालेली नाही.