अर्धं समुद्रफूल

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. नौपाड्यातल्या आमच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी आहे, आणि तिच्यात एक समुद्रफूल होतं. नाव फुलाचं, पण आहे तो प्राणी. दगडाला पाय चिकटवून दिवसभर बोटं हलवत बसायचं. "खायला घाला आणि बघत बसा, कसला मेला शौक!" आई म्हणायची.

त्या आठवड्यात माझ्या मुलाचा, अद्वयचा, ताप उतरेना. रक्ताचे रिपोर्ट चांगले, औषधं चालू, तरी अंग तव्यासारखं. डॉक्टर म्हणाले, उद्या ॲडमिट करू.

तिन्हीसांजेला आईने त्याची दृष्ट काढली. मीठ-मोहऱ्या निखाऱ्यांवर टाकायच्या असतात. आमच्याकडे निखारे कुठले! मी औषध घेऊन घरात शिरतो तर मूठ टाकीत रिकामी करून आईसाहेब मोकळ्या.

"अगं आई, टाकीत?"

"खारंच तर पाणी आहे. ओरडू नकोस, पोर झोपलंय."

मोहऱ्या तळाशी गेल्या. समुद्रफूल आक्रसलं, मग दोन्हीकडे ताणू लागलं आणि तोंडापासून उभं चिरत गेलं. सकाळी एकाची दोन झाली होती. आणि अद्वय पलंगावर बसून पोहे मागत होता.

हुश्श! मला रडूच आलं. समुद्रफुलाचं कारण मला ठाऊक होतं. पाणी बिघडलं की ही जात अशी दुभंगते, जखमा भरतात, दोन्ही जगतात. तापाचं म्हणाल तर तो कधीतरी उतरणारच होता.

जखमा भरल्यावर मी दगड हलवायला टाकीत हात घातला. एक अर्धं गार, बुळबुळीत. दुसऱ्याला बोट लागलं आणि मी हात मागे घेतला. ते तापलं होतं.

थर्मामीटर बघितला. पाणी रोजच्याएवढंच. पुन्हा हात लावला. हाच हात मी रात्र रात्र अद्वयच्या कपाळावर ठेवला होता.

"कुणाला देऊ नकोस हो," आई मागून म्हणाली. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. "दृष्ट उतरवलेलं आहे ते. खाडीत सोडून ये."

"काहीतरीच बोलतेस."

डोंबिवलीचा दौलत, माझ्यासारखाच टाकीवेडा, कधीपासून एक मागत होता. आम्हा लोकांत जादा झालेलं एकमेकांना देतातच. त्याच दिवशी तो डबा घेऊन आला. तापलेलं मीच काढून दिलं.

घर हलकं झालं. अद्वय शाळेत जायला लागला.

रविवारी दौलतचा फोन.

"मस्त चिकटलंय रे! आमची पोर, श्रिया, टाकीपासून हलत नाही. कालपासून जरा तापलीय, तरी तिथेच." मग त्याने आवाज खाली आणला. "एक विचारू? तू दिलंस तेव्हा ते गरम होतं का रे? आता एकदम गार लागतंय."

अद्वय सतरंजीवर गाड्या खेळत होता. मी वाकून त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार.

खरं सांगतो, मला आधी बरंच वाटलं.

"छे रे," मी म्हणालो. "गारच होतं."