अर्धी हवा

तसं काम रोजचंच होतं. एसी लावला की हवा गार येते, पण तिला जोर नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्यांचं हेच रडगाणं असतं. फिल्टरमध्ये धूळ साठलेली असते, नाहीतर पंख्यात वाळकी पानं अडकलेली असतात, आणि एकदा तर एका उंदरिणीने तिथे आख्खा संसार थाटला होता. मी आयुष्यभर हेच करत आलो. लोक मला गारवा म्हणतात. खरं नाव आता कुणी घेत नाही आणि मलाही त्याचं काही वाटत नाही.

माझं वर्कशॉप एका जुन्या इमारतीच्या तळघरात आहे. वरची दुकानं एकेक करून बंद पडली आणि खाली मी तेवढा उरलो. गाडी लांबलचक उतारावरून खाली येते आणि मधल्या वळणावरच ऊन संपतं. भर दुपारीसुद्धा ट्यूब लावावी लागते. ओल्या सिमेंटचा वास, जुन्या ऑइलचा वास, आणि छताच्या पाइपातून कुठेतरी पाणी ठिबकत असल्याचा आवाज. गिऱ्हाइकांना इथे कसंसंच होतं. मला मात्र ही शांतता हवी असते. हवा कुठे अडली ते डोळ्यांना दिसत नाही, कान लावावा लागतो.

त्या दुपारी बाई आल्या. बाई म्हणजे शाळेत शिकवणाऱ्या. तसं त्यांनी सांगितलं नव्हतं, पण "गाडी इथे लावू का?" हे त्यांनी असं काही विचारलं की मी तोंडातली सुपारी गालात लपवली. गाडी जुनी होती, पण आतून लख्ख. शेजारची सीट तेवढी पार मागे पाडलेली होती, कुणी आडवं व्हावं तशी.

"एसीची हवा कमी येते," त्या म्हणाल्या. "का, ते शोधून सांगा. उद्या एक जण गाडी न्यायला येतोय."

"का ते कळलं की लगेच काढून टाकतो."

"आधी सांगा. मग काढायचं की नाही ते मी ठरवीन."

माझा पारा जरा चढलाच. रोग सांगा पण औषध देऊ नका, असं कुणी डॉक्टरला सांगतं का? पण बाईंच्या आवाजापुढे माझी जीभ चालेना. त्यात त्या गाडीतून उतरायलाही तयार नव्हत्या. हात मांडीवर ठेवून तशाच बसून राहिल्या, आणि मी त्यांच्या गुडघ्यांना टाळत कामाला लागलो.

पंखा एकवर लावला, मग दोनवर, मग तीनवर, मग चारवर. मोटर ठणठणीत. चारवर तर ती अशी गरजत होती की तळघर भरून गेलं. पण जाळीसमोर हात धरला तर वारा आपला केविलवाणा. डॅशबोर्डचा कप्पा उतरवून फिल्टर काढला. कोरा करकरीत. पंख्याच्या पात्यांवर कण नाही. हवा वळवणाऱ्या झडपा बोटाने हलवून पाहिल्या, सगळ्या पूर्ण उघडत होत्या. बारीक कॅमेरा आत घालून कूलिंग कॉइल पाहिली. तीही स्वच्छ, तिच्यावर बर्फ धरलेला नाही. पंखा हवा ओढत होता, रस्ता सगळा मोकळा होता, आणि तरी जाळीपर्यंत अर्धीच हवा येत होती.

अशा वेळी मी टिश्यूची एक पट्टी कापून जाळीला चिकटवतो. हवेचा जोर कमीजास्त होत असला तर पट्टी लगेच दाखवते. शेजारच्या सीटसमोर जी जाळी होती तिला पट्टी लावली आणि पंखा चारवर ठेवला.

पट्टी उठली. आडवी झाली. मग सावकाश खाली आली... आणि जाळीला चिकटली.

मी म्हटलं, चला, सापडलं काहीतरी. पट्टी पुन्हा उठली. पुन्हा खाली. पुन्हा जाळीला चिकटली, आतून कुणी ओढून घेतल्यासारखी. मोटरचा आवाज एका सुरात चालला होता, त्यात चढउतार नव्हता. पट्टी मात्र वर जाई, क्षणभर थांबे, आणि आत ओढली जाई. मी किती वेळ बघत राहिलो कुणास ठाऊक. मग माझ्या लक्षात आलं की माझाही श्वास तिच्याबरोबर चाललाय, आणि मी झटक्याने मान मागे घेतली.

"दिसलं ना तुम्हाला?" बाई हळूच म्हणाल्या.

मी जाळीसमोर पुन्हा हात धरून पाहिला.

"मला वेडी समजणार नसाल तर सांगते."

"बोला, ताई." बाईंची ताई कधी झाली ते मलाही कळलं नाही.

त्यांचे यजमान फुप्फुसाच्या दुखण्याने वर्षभर आजारी होते. घरात त्यांना झोप लागत नसे, जीव घुसमटायचा. गाडीत मात्र सीट मागे पाडून, जाळीची हवा सरळ तोंडावर घेतली की डोळा लागायचा. म्हणून शाळा सुटली की बाई त्यांना गाडीत घालून गावाबाहेरच्या रस्त्याने नुसत्या फिरायच्या. कुठे जायचं नसायचं. ते झोपायचे आणि बाई शाळेतल्या गमती सांगत गाडी चालवायच्या.

"त्या दिवशीही मी बोलतच होते," त्या म्हणाल्या. "एसीचा आवाज होता... त्यामुळे त्यांचा श्वास ऐकू येत नव्हता. मी बोलत होते, बोलत होते. घरी येऊन त्यांच्या बाजूचं दार उघडलं तेव्हा कळलं."

छतातलं पाणी ठिबकत होतं. पट्टी उठली आणि खाली आली.

"तेव्हापासून हवा अर्धी येते. मला वाटतं, त्यांना लागते, म्हणून ते घेतात." त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "मिस्त्री, ते आत असतील तर मी ही गाडी मेले तरी विकणार नाही. आणि नुसता बिघाड असेल तर उद्या किल्ली देऊन मोकळी होईन. मला खोटा दिलासा नकोय. काय आहे तेवढं सांगा."

मी भूतखेतं मानणारा माणूस नाही. तळघरात पोट भरणाऱ्याला ती चैन परवडत नाही. मी डोकं चालवलं आणि एक जागा आठवली. ड्रेन पाइप. कॉइलवर जे पाणी जमतं ते या रबरी पाइपातून गाडीखाली गळून जातं. तो तुंबला की पाणी आत साचतं, डचमळतं, आणि हवा कधी सुटते कधी अडते. कॅमेरा त्या कोपऱ्यात जात नाही. बाईंना मी हे सगळं नीट समजावलं. त्यांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका होती की निराशा, ते मला आजही सांगता येणार नाही.

मी गाडीखालच्या दुरुस्तीच्या खड्ड्यात उतरलो. वर गाडीचं काळं पोट, आणि हातातल्या दिव्याचा पिवळा डाग. ड्रेन पाइपचं टोक सापडलं. पंखा चालू असला की या टोकातून थोडी हवा बाहेर यायला हवी. मी बोट ओलं करून लावलं. बोटाचं पाणी आत ओढलं गेलं.

आता, पाइप साफ करायला कॉम्प्रेसरची हवा मारता येते. पण जुने पाइप तिच्या जोराने सांध्यातून सुटतात आणि पाणी गालिच्यात जातं. त्यामुळे आमच्या उस्तादांनी शिकवलं तसं मी करतो. टोकाला तोंड लावायचं, दम धरून ओढायचं, पहिला घोट तोंडाशी आला की थुंकून बाजूला व्हायचं. बायको यावरून मला रोज घाण घाण म्हणते. पण आमच्या लायनीतले जुने लोक सगळे असंच करतात.

मी तोंड लावलं आणि ओढलं. काही आलं नाही. पुन्हा ओढलं.

पलीकडून कुणीतरी ओढलं.

माझ्या छातीतली हवा सरकन निघून गेली. गाल आत गेले, डोळ्यांपुढे काजवे चमकले. तोंड काढायचं भान राहिलं नाही, की तोंड सुटतच नव्हतं, देव जाणे. पण मी हट्टी माणूस. माझ्या हातात एक बिघाड आहे आणि तो मला खेचतोय, एवढंच तेव्हा डोक्यात आलं. खड्ड्याच्या भिंतीला पाय रोवले आणि होता नव्हता तेवढा दम लावून ओढलं.

आलं. पाणी नव्हतं ते. कोमट होतं, कोरडं होतं, आणि त्याला औषधाचा आणि नुकत्याच झोपेतून उठलेल्या माणसाच्या तोंडाचा वास होता. थुंकायला काही नव्हतंच. ते सरळ घशाखाली उतरलं.

वर गाडीत वारा घोंघावायला लागला. चारही जाळ्यांतून भसाभस हवा येत होती, खड्ड्यात मला ऐकू येत होती. मी कसाबसा वर आलो. पट्टी ताठ आडवी फडफडत होती. बाई तिच्याकडे बघत होत्या.

"निघालं?" त्यांनी विचारलं.

"निघालं."

"पाणीच होतं ना?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण काय सांगणार? आणि कुणाला? मी म्हटलं, "पाणीच होतं, ताई."

त्यांनी पट्टी हलक्या हाताने सोडवली, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. मग शेजारची सीट सरळ केली. एवढं करताना मात्र त्यांना रडू आवरलं नाही. मी पाठ फिरवून हत्यारं पुसत उभा राहिलो.

त्यानंतर माझी हवा कमी व्हायला लागली. आधी उतार चढताना दम लागायचा, मग चहाचा कप उचलतानाही. आडवं पडलं की घुसमट होई, म्हणून मी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपू लागलो. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, तोंडात नळी देऊन जोरात फुंकायला लावलं. मशीनवर आकडा अर्धाच आला. त्यांनी पुन्हा फुंकायला लावलं. फुप्फुसं साफ आहेत, कुठे अडथळा नाही, असं ते म्हणाले, आणि मशीन उलटंसुलटं करून बघायला लागले. मला हसूही आलं आणि भीतीही वाटली. दुसऱ्या दिवसापासून बायको डबा घेऊन दुपारी स्वतःच वर्कशॉपवर यायला लागली.

अशाच एका दुपारी मी खुर्चीत बसलो होतो आणि बायको डबा उघडत होती. उतारावरून पावलं वाजली. बाई चालत आल्या होत्या.

"गाडी गेली," त्या म्हणाल्या. "मिस्त्री, तुम्ही वर आलात तेव्हा मी खाली वाकून पाहिलं होतं. खड्डा कोरडा होता. तुमचे कपडेही कोरडे होते. तेव्हा मला ते बघूनही कळलं नाही, कारण मला कळून घ्यायचं नव्हतं." त्यांचा आवाज शाळेतला राहिला नव्हता. "मी रिकामी गाडी विकली. जे निघालं ते तुम्ही कुठे टाकलंत?"

"ह्या कोण?" बायकोने विचारलं. "काय निघालं?"

मी उत्तर द्यायला गेलो, पण शब्दांना पुरेल एवढा श्वासच नव्हता. छातीतून नुसती घरघर आली. बाईंनी मान थोडी तिरकी केली आणि ऐकत राहिल्या. मग त्या पुढे आल्या, माझ्या खुर्चीसमोर गुडघे टेकून बसल्या, आणि तोंड माझ्या तोंडाजवळ आणून म्हणाल्या, "अहो..."

बायकोच्या हातातलं डब्याचं झाकण खाली पडलं. ती हाक आमच्या घरातली होती.

"अहो बाई, बाजूला व्हा!" तिने माझा दंड पकडला. "हे माझे आहेत!"

मला म्हणायचं होतं की हो, मी तुझाच आहे. त्यासाठी मी श्वास सोडला. सगळा सोडला. पोट पाठीला लागलं, छाती रिकामी झाली, आत काही उरलं नाही हे मला स्वच्छ कळत होतं. तरी बाईंच्या कपाळावरची एक बट माझ्या तोंडासमोर उडत होती. ती खाली बसली नाही. वारा यावा तशी उडतच राहिली.

"श्वास घ्या!" बायको मला गदागदा हलवत होती. "अहो, घ्या ना श्वास... घ्या!"

बाईंनी डोळे मिटले होते. तो वारा त्या चेहऱ्यावर घेत होत्या, आणि इतक्या मायेने हसत होत्या की माझ्या अंगावर काटा आला. त्यांनी दोन्ही हात छातीपुढे उचलले आणि हवेतच धरले, गोल, चाकावर ठेवावेत तसे.

"झोपा तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी चालवतेय."

बायको ओरडत होती, ते मला लांबून ऐकू येत होतं. खालची फरशी संथपणे मागे सरकायला लागली होती, आणि माझे डोळे मिटत चालले होते.