सहा बारची बाटली

संध्याकाळी रोबोच्या टाकीत सहा बार दाबाने हवा भरली जाई. सकाळी केतकी तपासायला येई, तेव्हा दाब दोनवर आलेला असे. तपासणीची पाळी चमूतल्या समीरची असली, की दाब जागच्या जागी सापडे.

टाकी म्हणजे थंड पेयाची रिकामी बाटली. धातूची टाकी लावली, की रोबो स्पर्धेच्या वजनमर्यादेबाहेर जाई. पिपलानीच्या बाजारातल्या टपरीवर अशीच बाटली मागताना केतकीचा आणि एका अनोळखी मुलाचा हात एकदमच पुढे आला होता. तो चिन्मय. दोघेही कॉलेजच्या एकाच चमूत नव्याने आलेले, हे तिथेच कळले. बाटली त्याने सोडली, नजर मात्र...

केतकीने साबणाचे पाणी लावून पाहिले. एकही बुडबुडा नाही. रात्रीच्या गारव्याने दाब उतरतो, पण हिशेबाने अर्धा बारही नाही. उरली एकच शक्यता : कधी उघडणारी, कधी मिटणारी, डोळ्यांना न दिसणारी चीर. दाबमापकावर वाकताना ती चेहऱ्यापुढे हात धरू लागली. बाटली फुटली तर चेहऱ्यावर. बाद केली तर नवी बसवून तपासायला वेळ नाही, शनिवारच्या निवडीतून सगळा चमू बाहेर.

एका सकाळी ती लवकर आली. कार्यशाळेच्या आतून बारीक फुस्स ऐकू येत होते. झडपेवर चिन्मयचा हात होता.

"गळती सापडली," ती म्हणाली.

तो वळला नाही. गेल्या वर्षी त्याच्यासमोर एक बाटली फुटली होती, तुकडा एका मुलाच्या कानाला चाटून गेला होता, हे त्याने तुटक तुटक सांगितले.

"आणि समीर? त्याला कान नाहीत?"

"आहेत ना यार. त्याचीही काळजी वाटते. पण तू वाकतेस, तेव्हा — मला श्वास घेता येत नाही."

"मला विचारायचं होतंस."

"काय विचारणार होतो, केतकी?"

मग तिने बाटली पाण्याने काठोकाठ भरली. पाणी भरून दाब दिला, तर बाटली फुटली तरी तुकडे उडत नाहीत. फार तर माणसे भिजतात. पंपाचा दांडा तिने त्याच्या हाती दिला आणि स्वतः त्याच्या शेजारी उभी राहिली, गरज होती त्यापेक्षा जवळ.

सात... आठ... नऊ बार, रोजच्या दीडपट. काटा थरथरला, थांबला, तिथेच राहिला. तिचा हात त्याच्या मनगटावर होता. त्याने तो काढला नाही, तिनेही नाही.

बाटलीला चीर नव्हती. चिन्मयचे केतकीवर प्रेम होते आणि तिला इजा होईल या भीतीने तो हवा सोडत होता.