तीन पंजांचा बिबट्या

“चार वाजता माझ्या अब्बांनी सही केली तर ते सुटतील, नाही केली तर आत जातील,” सना मुलाणी म्हणाली आणि तिनं खांद्यावरची बॅग टेबलावर आदळली. “आणि त्यांनी सही केलेली मला चालणार नाही!”

टेबलावर सुदर्शनचा वडापाव होता. तो बोटभर अंतरानं वाचला.

कारेगावात एका खानावळीच्या माडीवर हर्षदा ढमढेरेचं ऑफिस होतं. ‘खासगी व गोपनीय चौकशी’ अशी पाटी. कामं बहुतेक दोनच: लग्नाआधी मुलाची माहिती काढणं आणि कंपनीतून माल कोण पळवतं ते शोधणं. डोकं हर्षदा चालवायची आणि मोटारसायकल तिचा नवरा सुदर्शन. या वाटणीबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. मोटारसायकल तो खरंच चांगली चालवायचा.

“सही कशावर?” हर्षदानं विचारलं.

सना शिफ्ट अर्धी टाकून आली होती, अंगात कंपनीचा निळा शर्ट तसाच. परवा पहाटे ती निमोण्याजवळच्या वस्तीवरून बस धरायला बांधाबांधानं निघाली, तर त्यांच्याच उसाच्या कडेला बिबट्या पडलेला. मेलेला. खांद्यात भोक, पुढचा उजवा पंजा तोडून नेलेला. डॉक्टरांना भोकात छर्रे सापडले. आणि वस्तीवर त्या दिवशी बंदूक एकाच घरात होती, तिच्या अब्बांच्या, मेहमूद मुलाण्यांच्या.

“बाकीच्यांच्या बंदुका निवडणुकीमुळं ठाण्यात जमा आहेत. अब्बांनाही नोटीस आली होती. ते म्हणाले, आचारसंहिता बिबट्याला लागू हाय का? मग मलाबी न्हाई.”

सुदर्शन हसला. बायकोनं बघितलं तसा थांबला.

“आमच्या बांधाला बांध लागून संपतकाकांचं रान आहे. त्यांनी निवेदन तयार केलंय. बिबट्या अंगावर आला म्हणून मेहमूदभाईंनी जीव वाचवायला बार काढला, असं. दोनशे सह्या झाल्यात. खाली अब्बांची झाली की केस मिटेल म्हणतात. वनपाल त्यांना चारपर्यंत मुदत देऊन बसलेत.”

“अब्बा काय म्हणतात?”

“म्हणतात, जे केलं न्हाई ते केलं म्हणायला मी काय निवडणुकीला उभा हाय?”

हर्षदा उठली. “अहो, गाडी काढा.”

“वडापाव?”

“आल्यावर.”

मेहमूदचाचा अंगणात बाभळीचा ओंडका फोडत होते. सत्तरीला आलेला माणूस, पण कुऱ्हाड अशी पडायची की ढलप्या अंगणाबाहेर. पाहुणे आले म्हणून त्यांनी हात थांबवला नाही.

“सही करा म्हणायला आला असाल, तर पाणी प्या आन् जावा.”

“चाचा, बिबट्या तुम्ही मारला?” हर्षदानं सरळच विचारलं.

“मारला असता तर येशीवर उभं राहून सांगितलं असतं. भितो काय कुणाच्या बापाला?”

“नळीला दारूचा वास आला म्हणतात.”

“येनारच! आठ दिस झालं, डुकरं उसात घुसली, हवेत बार काढला. सायबानं नळी हुंगली आन् बंदूक जीपमधी टाकली. कवा काढला बार, कशाला काढला, इचारायचं नावच न्हाई.”

“पण चाचा, एका सहीनं मिटत असेल तर...” सुदर्शननं शहाणपणा केला.

कुऱ्हाड ओंडक्यात रुतून राहिली. “पाव्हणं, परकरण मिटंल. आन् मी? उद्या तालुक्यात कुठंबी जनावर मेलं की म्हंतील, बघा मेहमूदकडं, आधीबी मारलंय त्यानं, लिवून दिलंय. ते लिवल्यालं कोण पुसनार? तुम्ही?”

सुदर्शननं पाण्याचा तांब्या उचलला.

वनपाल उसाच्या कडेलाच जीप लावून कागद भरत होते. माणूस वाईट नव्हता, पण दोन रात्री झोपला नव्हता. हर्षदानं नाव सांगितल्यावर त्यांनी कंटाळून मोबाईल पुढं केला. “बघा. एक्स-रे. अकरा छर्रे.”

पडद्यावर अकरा गोल ठिपके होते, एका मुठीत मावतील इतके जवळजवळ, खांद्याच्या हाडाला टेकलेले. हाड धडधाकट दिसत होतं.

“जागेवर रक्त किती होतं?”

“फारसं नव्हतं. डॉक्टरांनी मृत्यूचं कारण राखून ठेवलंय, नमुने लॅबला गेलेत. पण छर्रे काय स्वतःहून घुसले?”

“आणि पंजा?”

“एका घावात तोडलाय. नखांना बाजार आहे, मॅडम.”

“मग बाकीचे तीन पंजे कुणासाठी ठेवले?”

वनपालांनी खांदे उडवले. तेवढ्यात सुदर्शन “आई गं!” म्हणून बसकण मारून खाली बसला. संपतरावांच्या मक्याच्या कडेनं बांधावरून येताना त्याचा पाय भोकात गेला होता. “उंदरांनी सगळा बांध पोखरलाय!”

हर्षदानं भोकाकडं बघितलं. मग तीन ढांगा टाकून पुढं गेली, वाकली, आणखी तीन ढांगा गेली, पुन्हा वाकली. “उंदीर फार शिस्तीचे दिसतात,” ती म्हणाली. सुदर्शन पाय चोळत होता, त्याचं लक्ष नव्हतं.

उसाच्या पलीकडं, कांदा काढलेल्या रानात गेणबा धनगराची मेंढरं बसवली होती. भोवती जाळीची वाघर, वाघरीच्या खुंट्याला कुऱ्हाड टेकवलेली. कुऱ्हाड दिसताच सुदर्शननं हर्षदाला कोपर मारलं.

“या म्हैन्यात त्या बिबट्यानं माझी चार मेंढरं नेली,” गेणबा म्हणाला. “मेला ते झ्याक झालं. खोटं कशाला बोलू?”

“त्या रात्री तुम्ही इथंच होता? बार ऐकला?”

“न्हाई. सायबाला बी तेच सांगितलं. त्यो म्हनला, म्हातारं दोस्ताला वाचवतंय. आता मला सांगा ताई, मी खोटं बोलीन, मेंढरं बोलत्यात व्हय? हितं बार निघाला असता तर समदी मेंढरं वाघर मोडून चौखूर उधळली असती. पहाटं मी उठलो तवा एकूण एक रवंथ करत बसली व्हती.”

“निवेदनावर तुमची सही आहे?”

“न्हाई. मेहमूद म्हंतो न्हाई मारला, तर न्हाई मारला. अंगठा माझा हाय, वाटंवर पडल्याला न्हाई.”

परतताना सुदर्शन कुजबुजला, “हर्षे, हाच! चार मेंढरं गेली, कुऱ्हाड हाताशी. पंजा यानंच तोडला.”

“आणि छर्रे काय गोफणीनं मारले?”

सुदर्शननं गाडी काढली.

संपतरावांच्या घरी पाहुणचार झकास झाला. संपतराव बोलायला गोड, पांढराशुभ्र शर्ट, हातात निवेदनाची फाईल. अंगणाच्या कोपऱ्यात बंब धुमसत होता आणि त्यांची आई कुशाबाई त्यात लाकडं सारत होती. सुदर्शन तिथल्याच सरपणाच्या ढिगावर टेकला आणि ओय करून उठला. गुडघाभर लांबीच्या त्या एकसारख्या काठ्या होत्या, वरच्या अंगाला खाच, खालच्या अंगाला टोक. त्यातलंच एक टोक त्याला लागलं होतं.

“बसू नका तितं, पाव्हणं,” कुशाबाई हसली. “लय वाळल्यालं हाय, बाभळीचं. ह्यो म्हंतो, समदं आजच्या आज जाळ. आता एवढं एका दिसात जाळायला घरात काय लगीन हाय? रोज दोन घालते बंबात.”

“आये, तू च्या बघ,” संपतराव म्हणाले.

“तुमचीही बंदूक आहे ना?” हर्षदानं विचारलं.

“हाय की. पैल्याच दिवशी ठाण्यात जमा केली. ही पावती. कायदा म्हंजी कायदा.”

“काडतुसं?”

“ती कपाटात. बंदूकच न्हाई तर काडतुसं काय कामाची?” ते जवळ सरकले. “ताई, मेहमूदभाई मला भावासारखे. तुम्ही समजावा. त्यांची एक सही, की गाव सुटलं बघा.”

चहा संपला तेव्हा साडेतीन झाले होते. रस्त्यावर येताच हर्षदा म्हणाली, “अहो, असंच परत जा. कुशाबाईंना म्हणावं, वनपालांच्या चहाला थोडं सरपण द्या. खाच असलेलं आणा.”

“तिथं चहा कुठं आहे?”

“तुम्ही आणा तर!”

चार वाजता उसाच्या कडेला अख्खी वस्ती लोटली होती. संपतरावांनी निवेदन जीपच्या बॉनेटवर मांडलं, वर पेन ठेवलं. “मेहमूदभाई, हट्ट सोडा. तुमच्यासाठीच चाललंय समदं.”

“माझ्यासाठी चाललंय तर मला इचारून का चाललं न्हाई?” मेहमूदचाचांनी हाताची घडी घातली. “हात तोडून न्या आन् त्येच्याकडनं सही घ्या.”

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “चाचा, आता ताणू नका!” सनाचे डोळे भरले होते, पण ती बापाशेजारून हलली नाही.

“सही राहू द्या,” हर्षदा पुढं आली. “साहेब, पाच मिनिटं द्या. या बिबट्यावर बंदूक चाललीच नाही.”

गलका झाला. वनपालांनी हात वर केला.

“बंदुकीतून सुटलेला छर्रा हाडावर आदळला की चपटा होतो, हाडाचा भुगा करतो. तुमच्या एक्स-रेमध्ये अकराही छर्रे मण्यासारखे गोल आहेत आणि हाडाला ओरखडा नाही. ते सोडलेले नाहीत, पहारीनं भोक पाडून बोटानं आत घातलेत. म्हणून रक्त नव्हतं, मेलेल्या जनावराला ते किती येणार? आणि म्हणूनच गेणबाआप्पांची मेंढरं निवांत रवंथ करत होती. बारच निघाला नाही, तर बिचकणार कशाला?”

“ऐका!” गेणबा गर्दीला म्हणाला. “मेंढरं खोटं बोलत न्हाईत.”

“मग मेला कशानं?” वनपालांनी विचारलं.

“तेच तोडून नेलंय. नखं विकायची असती तर चारही पंजे गेले असते. एकच गेला, कारण त्या एकाच पंजावर काहीतरी होतं. भाजल्याचा डाग. विजेच्या तारेचा.”

हर्षदानं हात पुढं केला. सुदर्शननं सरपणाची मोळी आणली होती, त्यातली एक काठी तिनं घेतली आणि मक्याच्या कडेच्या भोकात घातली. काठी गच्च बसली. तीन ढांगा गेल्यावर दुसरी. मग तिसरी. तीन ढांगांवर चौथी. गुडघ्याच्या जरा खाली चारही खाचा एका रेषेत आल्या.

“उंदरांची बिळं वाटली होती मला,” सुदर्शन पुटपुटला.

“सरपणाला कुणी टोक काढतं का? खाच पाडतं का? या तारेच्या खुंट्या आहेत. डुकरांसाठी मक्याभोवती तार ओढली, घरातून करंट सोडला. डुकराच्या जागी बिबट्या आला. पहाट होत आली होती, गेणबाआप्पा उठायची वेळ. पुरायला सवड नव्हती. मग पंजा तोडला, घरातलं एक काडतूस कापून छर्रे काढले, जनावर बांधाच्या अलीकडं ढकललं. कारण वस्तीत बंदूक कुणाकडं राहिलीय हे सगळ्यांना ठाऊक होतं. तार गुंडाळली आणि खुंट्या जाळायला दिल्या. पण कुठल्या घरची म्हातारी एवढं वाळलेलं सरपण एका दिवसात जाळेल? साहेब, आता त्या कपाटातली काडतुसं मोजा. आणि घरात कुठंतरी तारेचं भेंडोळंही असेल.”

संपतराव आधी हसले. मग त्यांना आपली आई दिसली. कुशाबाई गर्दीच्या मागं तोंडाला पदर लावून उभी होती, आणि तिनं त्यांची नजर टाळली.

“डुकरांनी माझा निम्मा मका खाल्ला,” संपतराव एकदम ओरडले. “सरकार देतं काय? आन् मी मेहमूदभाईला अडकवतच नव्हतो! सही केली की सुटत होता ना त्यो? कुनाचं काय बिघडत होतं?”

मेहमूदचाचा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. आवाज चढला नाही, पण मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

“माझी पोरगी रोज पहाटं अंधारात ह्याच बांधावनं बसला जाती, संपत. तार तू काढलीस, आन् त्येच्यानंतर ती आली. घडीभराचा फरक. बिबट्याच्या जागी ती पडली असती तर कुनाच्या बंदुकीचे छर्रे घातले असतेस तिच्यात?”

सनानं बापाचा हात धरला. दोनशे सह्यांपैकी एकाही सहीच्या धन्याला वर बघवेना.

तासाभरात वनपालांच्या माणसांनी कडबा ठेवायच्या पत्र्याच्या छपरातून तारेचं भेंडोळं काढलं. कपाटात कापलेल्या काडतुसाचं टरफल होतं. संपतराव जीपमध्ये बसले. वनपालांनी निवेदन उभं-आडवं फाडलं आणि मेहमूदचाचांपुढं जरा ओशाळून उभे राहिले.

“चाचा, तुमच्यावर आता काही नाही. बंदूक जमा केली नव्हती, ते पोलिसांचं काम. पण मी माझ्या कागदात त्याचा उल्लेख करत नाही. एवढं तर माझ्याकडून.”

सुदर्शनला वाटलं, झालं, म्हातारा सुटला.

“का करत न्हाई?” मेहमूदचाचा म्हणाले. “मेहेरबानी नगं मला. बिबट्या मारला न्हाई, ते लिवा. आन् नोटीस येऊन बंदूक दिली न्हाई, ते बी लिवा. ते मी केलंय, त्येचं काय व्हायचं ते व्हईल.”

“अब्बा!” सना म्हणाली.

“गप गं. आना कागद.”

वनपालांनी पाच मिनिटं घालवून जबाब लिहिला. मेहमूदचाचांनी खिशातून चष्मा काढला, एक-एक ओळ बोट ठेवून वाचली आणि बॉनेटवर टेकून, सावकाश, पूर्ण नावानिशी सही केली.