एकशे चोविसावा तुकडा

साल एकोणीसशे त्र्याऐंशी. जानेवारी महिना. वेळ रात्रीची नाही, दुपारी चारची.

हे आधीच सांगते, कारण लोकांना वाटतं असल्या गोष्टी अंधारातच घडतात. ही माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या घरी लख्ख उजेडात घडली. पदरचा एक शब्द घालत नाही. ज्या कागदाबद्दल पुढे सांगणार आहे, तो आजही माझ्या कपाटात आहे.

बहिणीला आम्ही अक्का म्हणायचो, तिच्या नवऱ्याला दाजी. दाजी ड्राफ्ट्समन. आयुष्यभर पुलांचे नकाशे काढले आणि निवृत्त झाल्यावर मागच्या खोलीतल्या टेबलावर छोट्या आगगाड्या, मोटारी, बोटी जोडायला बसले. खोक्यात प्लास्टिकच्या चौकटी यायच्या. चौकटीला लटकलेले तुकडे, प्रत्येकाला नंबर. सोबत एक मोठा कागद, कुठला तुकडा कुठे बसतो ते दाखवणारा.

दाजींचा नियम एकच. रोज एक तुकडा.

चारचा चहा झाला की बसायचे. तुकडा कापायचा. कापल्या जागी राहिलेलं टोक अक्काच्या नखांच्या कानशीने घासून गुळगुळीत करायचं. चिकटवायच्या सोल्युशनचा एक थेंब. वर कपड्यांचा चिमटा. शेवटी कागदावरच्या त्या नंबरावर पट्टी ठेवून निळ्या पेन्सिलीची एक सरळ रेघ. ती रेघ मारताना म्हणे त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान यायचं, जणू खराखुरा पूल उभा राहिला.

अक्का टोमणा मारायची, "एका दिवसात दहा लावले तर काय आभाळ कोसळेल?"

"अगं, संपेल ना मग," दाजी म्हणायचे.

सुखी माणसं होती. दोघांच्याही तोंडात कवळ्या. एका सकाळी कवळ्या ठेवायच्या पेल्यांची अदलाबदल झाली, तर दाजी म्हणाले, आज दिवसभर मला तुझ्यासारखं बोलता येईल.

शेवटची बोट त्यांनी एका दुकानातून आणली. खोकं आधीच उघडलेलं होतं. तळाचे सात तुकडे कुणीतरी जोडून सोडून दिले होते. कागदावर त्या सात नंबरांवर फुल्या मारलेल्या. दाजींनी ते सात तसेच ठेवले. दुसऱ्याच्या कामाला हात लावू नये, म्हणाले. आठव्यापासून स्वतः सुरुवात केली.

एकशे सतरावा तुकडा लावला, रेघ मारली आणि त्याच रात्री झोपेत गेले.

सात तुकडे उरले होते.

चौदाव्या दिवशी आलेगेले पांगले. लेक दुसऱ्या गावी नोकरीला, तोही महिन्याने न्यायला येतो सांगून गेला. अक्का एकटी. चार वाजता सवयीने दोन कप चहा टाकला, आणि दुसरा कप हातात घेऊन उभी राहिली.

मागच्या खोलीतून आवाज आला...

टक्.

बारीक. प्लास्टिक तुटल्यासारखा.

मग सोल्युशनचा वास आला...

ती आत गेली. खुर्ची रिकामी. पण बोटीवर एक नवा तुकडा होता, आणि कागदावर एकशे अठरा नंबर खोडलेला.

अक्का घाबरली नाही. टेबलाशी बसून पोटभर रडली. तिला वाटलं, काम अर्धवट टाकून जाणारा हा माणूसच नव्हे.

दुसऱ्या दिवशी टक्. तिसऱ्या दिवशी टक्.

रोज चारला ती दाराबाहेर स्टूल टाकून बसायची आणि बंद दाराशी गप्पा मारायची. दूध नासलं, शेजारीण भांडली, गुडघा दुखतोय. उत्तर कधी आलं नाही. पण दाजी तरी कुठे उत्तर द्यायचे काम करताना?

सहा दिवसांत सहा तुकडे लागले. उरला एक. एकशे चोवीस.

बोटीची शिडी. काडीएवढी.

त्या संध्याकाळी अक्काने शिडी चौकटीसकट उचलली आणि बटणांच्या डब्यात तळाशी लपवली. मोठ्याने म्हणाली, "अहो, रागावू नका. ही मी देणार नाही. संपलं की तुम्ही जाल."

दुसऱ्या दिवशी चार वाजता...

काहीच नाही.

बराच वेळ काही नाही. मग रिकाम्या चौकटी खडखडल्या. एक एक उचलून कुणीतरी पाहत होतं.

त्याच्या पुढच्या दिवशी खणांचा आवाज. मग स्वयंपाकघरातले डबे उघडे. मग दाजींच्या उशीची शिवण उसवलेली, कापूस जमिनीवर.

तेव्हा पहिल्यांदा अक्काच्या मनात पाल चुकचुकली. बटणांचा डबा घरात चाळीस वर्षं एकाच फळीवर होता. शर्टाचं बटण तुटलं की दाजी स्वतः तो काढून द्यायचे.

त्यांना तो सापडू नये?

ठरल्याप्रमाणे लेक आला. सामान बांध म्हणाला. अक्का हलेना. तुझे बाबा इथे आहेत, त्यांना टाकून मी येणार नाही, एवढंच ती म्हणत राहिली. लेकाने ऐकून घेतलं, मागच्या खोलीत गेला आणि बोट हातात घेतली. लहानपणी तो याच टेबलाशी बापाजवळ बसून शिकला होता.

त्याने तुकड्यांवरून अंगठा फिरवला. थांबला. परत फिरवला.

"आई, हे शेवटचे सहा बाबांनी नाही लावलेले."

"मग काय मी लावले?"

"टोकं घासलेली नाहीत. कापलेलीही नाहीत." त्याचा आवाज उतरला. "दातांनी तोडलीयत. खुणा आहेत बघ."

अक्काच्या डोळ्यांत मोतीबिंदू. आजवर तिला नंबर खोडलाय एवढंच दिसत होतं. आता तिने दाजींचं भिंग घेतलं. दात बारीक होते. अगदी जवळ जवळ. आणि एका जबड्यात मावतील त्याहून जास्त.

"माझ्या तोंडात दात आहेत का रे?" ती म्हणाली. "की त्यांच्या होते?"

कागदावर एकशे अठरा ते एकशे तेवीस. सरळ रेघा नव्हत्या.

फुल्या होत्या.

लेकाने बोट उलटी केली. तळाच्या पहिल्या सात तुकड्यांवर तेच दात.

ज्याच्याशी अक्का महिनाभर घरातलं सगळं बोलली, ज्याला तिने जाऊ नका म्हणून अडवलं, तो कोण होता?

भिंतीवरचं घड्याळ चारला टेकत होतं.

अक्का उठली. बटणांचा डबा उपडा केला, शिडी काढली आणि टेबलावर आपटली.

"घे तुझी शिडी. घे आणि चालता हो. या घरात परत पाऊल टाकायचं नाही."

दोघं बाहेर आली. लेकाने दार ओढून घेतलं आणि कडी धरून उभा राहिला.

चार वाजले.

दोघं टक् आवाजाची वाट बघत होती...

टक् आला नाही.

खर्र... खर्र... खर्र...

लेकाला वाटलं, कुणी नखांनी टेबल ओरबाडतंय. त्याने आईचा हात घट्ट धरला. आवाज शांतपणे, सावकाश चालू राहिला. मग सोल्युशनचा वास. मग खुर्ची मागे सरकली. एवढंच.

अर्ध्या तासाने दार उघडलं.

शिडी लागली होती. तिच्यावर कपड्यांचा चिमटा. बाजूला नखांची कानस, आणि कानशीवर प्लास्टिकची पांढरी भुकटी.

लेकाने कागद पाहिला आणि त्याची घडी घालू लागला. अक्काने त्याच्या हातातून घेतला. भिंग लावलं.

एकशे चोवीस नंबरावर निळ्या पेन्सिलीची रेघ होती. एकच. पट्टी ठेवून मारलेली, सरळ.

अक्का खाली बसली. म्हणाली, "मी त्यांना चालता हो म्हटलं रे."

त्या घरात पुन्हा कधी काही झालं नाही.

लेकाने त्यानंतर कुठल्याच खोक्याला हात लावला नाही. त्याच्या स्वतःच्या पोरीने आगगाडी मागितली तेव्हा तिला सायकल आणून दिली. सोल्युशनचा वास आला तर आजही तो खोली सोडून जातो.

अक्का त्याच्याकडे अकरा वर्षं राहिली. पहिल्याच वर्षी तिने हट्टाने मला एक नवं खोकं आणायला लावलं. बोटीचंच. ते उघडून खाटेशेजारी मांडलं, वर आपली कानस, पट्टी आणि निळी पेन्सिल ठेवली. रोज चारला सगळ्यांना बाहेर काढायची. अर्ध्या तासाने भिंग घेऊन कागद बघायची.

अकरा वर्षांत त्या कागदावर एकही रेघ पडली नाही. ती गेली तेव्हा तुकडे सगळेच्या सगळे चौकटीला होते. मीच मोजले.

जुनी बोट आणि तिचा कागद माझ्याकडे आले. माझं वय आता त्र्याऐंशी. खोक्यावरच्या चित्रात शिडी वर ओढून घेतलेली आहे. आमच्या बोटीवर ती खाली सोडलीय, कुणाला तरी चढता यावं म्हणून सोडतात तशी.

त्या खोलीत दोघं होते, एवढंच मला कळतं. अक्काने हाकललं एकालाच.

आणि दोघांना जायला बोट एकच होती...