अर्धी वाटी भात

दार लोटून घ्या रे. पूर्ण नको, बोटभर फट राहू द्या. थंडी वाजली तर वाजू दे. आणि तू रे कोपऱ्यातल्या, मोबाईल खिशात घाल.

मी या आंदोंगमध्ये बत्तीस वर्षं टपाल वाटलंय. कुणाच्या घरात काय शिजतं आणि काय शिजत नाही, हे पोस्टमनला घरच्या सुनेच्या आधी कळतं. ही हकिगत क्वोन ग्युसिकची. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभं राहून त्याने ती सांगितली, दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून.

गेल्या वर्षीचा ऑक्टोबर. सतरा तारीख, शुक्रवार. रात्री साडेनऊला ग्युसिकने गाडी काढली आणि बसस्टॉपवर निघाला. त्याच्याकडे उतरलेली विद्यार्थिनी दिवसभर गाव बघून परत येत होती, तिला आणायचं होतं. दिलनोरा तिचं नाव, उझबेकिस्तानची. देगूला शिकत होती, आपली कोरियन छान बोलायची. ग्युसिकनेच तिला दिवसाचा कागद करून दिला होता: सकाळी मुखवट्यांचा नाच, दुपारी स्वयंपाकाचा वर्ग, मग हानबोक, आपला सणावाराचा पोशाख, घालून नमस्काराचा वर्ग, संध्याकाळी कराओकेची खोली.

आता ग्युसिकचं घर म्हणजे आईचंच घर. म्हातारी आदल्या वर्षी गेली. वसंतात याने तिची खोली रिकामी केली, भिंतीला पांढरा हात मारला आणि दारावर गेस्टहाऊसचा तीन नंबर ठोकला. तिचं सामान भंगारवाल्याच्या टेम्पोत पडत होतं तेव्हा मी टपाल घेऊन फाटकात उभा होतो. तिचा पितळी चमचा माझ्या डोळ्यांदेखत गेला. चाळीस वर्षं पातेल्यातली खरवड काढून काढून डाव्या अंगाने झिजलेला. मी म्हटलं, "अरे, एवढा तरी ठेव." तर म्हणतो कसा, "आता स्टीलचे आहेत की!"

आणि त्या शुक्रवारी रात्री बारानंतर म्हातारीची तिथी लागत होती. पहिलं वर्षश्राद्ध. थोरल्या मुलाने ताट मांडायचं, गेलेल्याला आत यायला दार किलकिलं ठेवायचं, नमस्कार करायचा. पण बायको लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. एकट्याने पंधरा पदार्थ कोण रांधणार? ग्युसिकने मनाशी ठरवून टाकलं, तिथी काय, पुढच्या वर्षीही येतेच. सात वाजता बुसानहून बहिणीचा, ग्युरानचा फोन आला होता. "दादा, सगळं केलंस ना?" "चाललंय, चाललंय." फ्रीजमध्ये चार अंडी आणि बिअर होती.

तर दिलनोरा गाडीत बसली. अंगावर भाड्याचा हानबोक, मांडीवर वर्गात रांधलेल्या जेवणाचा, फडक्यात बांधलेला डबा.

"काका, काय मजा आली! आणि तुम्ही आजींना पाठवलंत, त्याबद्दल खरंच आभार."

"कुठल्या आजी?"

"स्वयंपाकाच्या वर्गापासून माझ्याबरोबर होत्या. म्हणाल्या, तू ग्युसिककडे उतरलीस ना, मग माझीच पाहुणी."

ग्युसिकने कुणालाच पाठवलं नव्हतं. त्याच्या मनात पहिली शंका आली ती पलीकडच्या गल्लीतल्या गेस्टहाऊसवालीची. माझं गिऱ्हाईक पळवते काय? त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय शिकवलं वर्गात?"

"ते खोट्या श्राद्धाचं जेवण."

हसू नका. आपल्या गावची ती ओळखच आहे. श्राद्धाचे सगळे पदार्थ, पण श्राद्ध कुणाचंच नाही. हॉटेलात रोज मिळतं. मेलेलं कुणी नसतं, म्हणून पोट भरून खायचं.

"मी लाल चटणी घालत होते," पोर सांगत होती, "तर आजींनी हात धरला. म्हणाल्या, तिखट असलं की मला गिळत नाही. मग मी भातात चमचा उभा खुपसला. बाई ओरडल्या. असा चमचा फक्त मेलेल्यांसाठी असतो म्हणे. आजी मात्र हसल्या. 'आत्ता नको, रात्री,' म्हणाल्या."

ग्युसिकने गाडीचा वेग कमी केला.

"दिसायला कशा होत्या?"

"बुटक्या. सारख्या माझ्या उजव्या हाताला चालायच्या. मी दुसऱ्या बाजूला गेले की ओढून आणायच्या. उजव्या कानाने ऐकू येत नाही म्हणे. आणि जेवतात किती कमी! अर्धी वाटी भात खाल्ला आणि उरलेला पुढे सरकवला. मी घ्यायला गेले तर नको म्हणाल्या. दुसऱ्याच कुणाचा तरी होता."

आता हे मलाही माहीत होतं. म्हातारी अर्धी वाटी खायची आणि उरलेली मुलाकडे सरकवायची. तो पन्नाशीचा झाला तरी.

पण ग्युसिकच्या मनात भूत-बित आलं नाही. त्याच्या मनात आली बहीण. हिचाच उद्योग! मी ताट मांडणार नाही हे हिने ताडलं आणि कुठली तरी म्हातारी पढवून पाठवली, पोरीच्या तोंडून मला टोमणे मारायला. घरी येऊन त्याने गाडीचं दार दाणकन आपटलं आणि अंगणातूनच फोन लावला.

"ग्युराने, नाटकं पुरे झाली. कोण आहे ती बाई?"

"कोण बाई? दादा, तू प्यायलास का?"

"उजवा कान, अर्धा भात... हे सगळं तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे?"

ग्युरानने हळूच विचारलं, "दादा... ताट मांडलंयस ना?"

"मांडलंय," ग्युसिक म्हणाला.

"शपथ?"

त्याने फोन ठेवला.

मग त्याने फाटकाला आतून कडी घातली आणि कुलूपही लावलं. त्या रात्री घरात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. पोर तीन नंबरात गेली. ग्युसिक बिअर घेऊन ओसरीवर बसला, नजर फाटकावर. कुणी आलंच तर गचांडी धरायची, असं त्याने ठरवलं होतं.

बाराला पाच कमी होती.

तीन नंबरातून बोलणं ऐकू आलं. पोरीचा आवाज.

"हो आजी... असा का?... नाही, मासा इकडे... बरं, पूर्वेला."

मग गप्प. कुणी उत्तर देत असावं, तेवढा वेळ गप्प.

"आणि मटण पश्चिमेला... हो."

ग्युसिक उठला. फाटक पाहिलं. कुलूप तसंच. तो अनवाणीच खोलीपाशी गेला. दार किलकिलं होतं. बोटभर.

आत बुटकं टेबल. त्यावर डबा सोडून मांडलेला. खारवलेला बांगडा, मटण, डोंगरी भाज्या, मुळ्याचं सार. एका वाटीत भात. सगळं जिथल्या तिथे. त्याची आई मांडायची तसं. टेबलासमोर पोर उभी, हानबोक घालून. टेबलापलीकडे... भिंत. पांढरी भिंत.

पोर हसत होती. शिकवलं होतं तसे हात कपाळाशी नेले. गुडघे टेकले. वाकली. उठली.

मग कान देऊन ऐकू लागली.

"आणखी एकदा?"

गप्प.

"पण आजी... बाई म्हणाल्या होत्या, जिवंत माणसाला एकदाच. दोनदा फक्त..."

तिचं हसू गेलं.

तिने मान वळवली. दाराच्या फटीत ग्युसिक तिला दिसला.

"काका," ती अगदी हळू म्हणाली, "तुम्हाला दिसतायत ना?"

त्याला नुसती भिंत दिसत होती.

"त्या म्हणतायत..." पोरीने पुन्हा भिंतीकडे पाहिलं, "दुसरा नमस्कार मी नाही करायचा. त्या... तुमच्याकडे बघतायत."

ग्युसिक आत गेला. पाय त्याचे होते, पण चालवणारा तो नव्हता, असं मला म्हणाला. गुडघ्यांवर पडला. एकदा वाकला. दुसऱ्यांदा वाकला तो उठेचना. जमिनीला कपाळ टेकून हमसाहमशी रडला, पन्नाशीचा बाप्या. "आई, मी खोटं बोललो गं," एवढंच म्हणत राहिला.

शेवटी पोरीनेच त्याला दंडाला धरून बाहेर आणलं. रीतच आहे ती, गेलेलं माणूस जेवेस्तोवर बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. नऊ घास होतील इतका वेळ. दोघं ओसरीवर उभी राहिली, दाराकडे पाठ करून. पोर घास मोजत होती, तिच्या भाषेत.

सात.

आठ.

आत कुठेतरी धातूचा आवाज झाला. एकदाच. वाटीच्या काठावर.

"काका..."

"मागे बघू नकोस."

नऊ.

त्याने रीतीप्रमाणे तीनदा खाकरलं आणि दार सरकवलं.

पोर पहिल्या बसने गेली. हानबोकची घडी तिच्याच्याने होईना, तसाच टाकून गेली. ग्युसिक अजूनही शंकेखोर आहे. अधूनमधून मला विचारतो, ग्युरान त्या रात्री नक्की बुसानलाच होती ना? मी म्हणतो, होती. मग विचारतो, तो भंगारवाला कुठल्या गावचा? त्यालाही शोधून आलो आम्ही. पितळ त्याने वसंतातच वितळायला दिलं होतं.

त्या रात्री दार सरकवलं तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. मासा तसाच, मटण तसंच, सार तसंच. पोरीने डब्याबरोबर नुसत्या जेवायच्या लाकडी काड्या आणल्या होत्या. चमचा आणलाच नव्हता.

भाताची वाटी तिच्या जागेवर नव्हती. दाराच्या बाजूला, टेबलाच्या अगदी काठापर्यंत सरकवलेली. भात अर्धा संपलेला. उरलेल्या अर्ध्यात पितळी चमचा उभा होता, डाव्या अंगाने झिजलेला.